सेकंड क्लासच्या बर्थला गादी कोणी लावली? (प्रा. मधु दंडवते आणि आपलं राजापूर)

तुतारीतला_प्रवासी

नमस्कार मंडळी. धागा काढायचं कारण जरा बारीकच आहे पण डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितो.

गेल्या आठवड्यात बाबांना घेऊन तुतारी एक्स्प्रेसने गावी गेलो. बाबा ७८ वर्षांचे. एसीचं तिकीट काढतो म्हटलं तर नको म्हणाले, खिडकी उघडता आली पाहिजे. स्लीपरमधे बसल्या बसल्या त्यांनी बर्थवर दोनदा थाप मारली आणि माझ्या भाच्याला म्हणाले, "ही मास्तरांची गादी." भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्याने कानातलं काढून विचारलं कुठले मास्तर. बाबा म्हणाले, दंडवते, फिजिक्स शिकवायचे. भाच्याला वाटलं आजोबांच्या शाळेतले कोणीतरी सर असतील, त्याने मान डोलावली आणि परत कानात घातलं.

मला नाव माहीत होतं, राजापूरचे खासदार, रेल्वेमंत्री, एवढंच. मग घरी येऊन वाचायला लागलो तर बरंच सापडलं आणि थोडा गोंधळही झाला. तर दोन प्रश्न:

एक, ही गादीची आणि कोकण रेल्वेची जी गोष्ट आपल्याकडे सांगतात त्यात खरं किती आणि प्रेमापोटी वाढवलेलं किती?

दुसरा, पंचवीसेक वर्षं कॉलेजात शिकवलेला माणूस सभागृहात गेला की खरंच वेगळं काही करतो का? की आपल्याला मास्तर म्हटलं की उगाच गहिवरून येतं?

भुसावळकर

गादीचं खरं आहे. पण नुसतं खरं आहे म्हणून सोडण्यासारखं नाही, त्याची मजा आधीच्या गोष्टीत आहे.

१९७४ पर्यंत आपल्याकडे थर्ड क्लास होता. तो बंद केला म्हणजे काय केलं, तर डब्यावरचा आकडा पुसला. थर्डचा सेकंड झाला, फळी तीच राहिली. लाकडी पट्ट्यांची फळी, दोन पट्ट्यांत फट, रात्रभर झोपलात की पाठीवर रेघा. लोक वळकटी घेऊन प्रवास करायचे ते काय हौस म्हणून नाही. १९७७ मधे जनता सरकार आलं, मोरारजींच्या मंत्रिमंडळात दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि त्यांनी सेकंड क्लासच्या बर्थवर दोन इंचांचा फोम घालायचा निर्णय घेतला. सगळे डबे व्हायला ८० चं दशक संपत आलं, त्यामुळे "७७ ला निर्णय झाला आणि दुसऱ्या दिवशी सगळे मऊ झोपले" असं नाही. पण सुरुवात त्यांचीच.

त्याच वर्षी २६ डिसेंबरला मुंबई हावडा गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली. त्या गाडीला फर्स्ट क्लासच नव्हता. सगळे एकाच वर्गाचे प्रवासी. समाजवादी माणसाने डोक्यातलं रुळावर आणलं तर कसं दिसतं ते बघायचं असेल तर ती गाडी.

ढवळ्या_पवळ्या

दोन इंच होता तेव्हा. आता आमच्या डब्यात अर्धा इंच उरलाय आणि त्याला पण कोणीतरी ब्लेडने खिडकी पाडलीय 😄

मालवणी_खाजा

तुमी सगळे गादयेर बसलात. माझो आजो "रेल्वे येतली, रेल्वे येतली" म्हणान मेलो, बापूस म्हातारो झालो, तेवा खंय रेल्वे इली.

असो. शुद्ध लिहितो नाहीतर प्रशासक ओरडतील. राजापूर मतदारसंघ हा मुळात बॅरिस्टर नाथ पैंचा. नाथ पै गेले १९७१ च्या जानेवारीत, बेळगावला. आणि लगेच दोन महिन्यांत लोकसभेची निवडणूक. देशात इंदिराबाईंची लाट, महाराष्ट्रात काँग्रेस सोडून निवडून आलेले बोटावर मोजण्याइतके, त्यात हे एक. उमेदवार कोकणातला नाही, मुंबईच्या कॉलेजातला प्रोफेसर, प्रजा समाजवादी पक्षाचा. आमच्या लोकांनी निवडून दिला आणि मग ७१ पासून सलग पाच वेळा दिला. लाट यायची जायची, ८० ला परत इंदिराबाई आल्या, ८४ ची तर केवढी मोठी लाट, तरी राजापूर हलला नाही.

नगरी_नग

कोकणातले नव्हतेच, जन्म आमच्या नगरचा, २१ जानेवारी १९२४. आमच्याकडे पाणी नाही म्हणून माणसं बाहेर पाठवतो आम्ही.

मालवणी_खाजा

@नगरी_नग पाणी आमच्याकडे पण एप्रिलनंतर नसतं. माणसं आम्ही पण पाठवतो, परळला.

शंकासुर

मी जरा कडू बोलणार आहे, आधीच माफी.

कोकण रेल्वेचं श्रेय दंडवतेंना द्यायची आपल्याकडे सवय आहे. तारखा बघा. कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं जुलै १९९० मधे. तेव्हा रेल्वेमंत्री कोण? जॉर्ज फर्नांडिस. बांधली कोणी? ई. श्रीधरन, निवृत्तीला आलेला माणूस, त्याला मुद्दाम आणून बसवला. पूर्ण झाली १९९८ ला. दंडवते ९१ ला राजापुरातून हरले होते, म्हणजे रूळ पडत होते तेव्हा ते खासदारही नव्हते. ७७ ते ७९ रेल्वेमंत्री होते ना, मग तेव्हा का नाही झाली? मास्तरांनी फळ्यावर आकृती छान काढली, प्रॅक्टिकल दुसऱ्यांनी केलं.

भुसावळकर

@शंकासुर शेवटचं वाक्य झकास आहे पण चूक आहे.

७७ ते ७९ मधे काय झालं ते सांगतो. दिवा पनवेल आपटा ही लाइन आधीच होती. ती आपट्यावरून पुढे रोह्याकडे न्यायचं काम दंडवतेंच्या काळात हातात घेतलं गेलं, रोह्याला रेल्वे पोचली १९८६ ला. म्हणजे साठेक किलोमीटरला इतका वेळ. का? कारण रेल्वेच्या नेहमीच्या बजेटमधून दरवर्षी चिमूटभर पैसे मिळायचे. या गतीने मंगळूर गाठायला आपले पणतू लागले असते. सह्याद्रीच्या कुशीतून रोहा ते मंगळूरजवळचं ठोकूर ७४१ किलोमीटर, करबुड्याचा एकटा बोगदाच साडेसहा किलोमीटरचा, पानवलचा पूल ६४ मीटर उंच. असं काम चिमटीने होत नाही.

९० ला काय वेगळं झालं तर पैशाची रीत बदलली. स्वतंत्र महामंडळ काढलं, त्यात रेल्वेचा ५१ टक्के वाटा, महाराष्ट्राचा २२, कर्नाटक १५, गोवा आणि केरळ प्रत्येकी ६. बाकीचा पैसा बाजारातून रोखे काढून, करमुक्त रोखे. आता विचार करा, हे सगळं कोणाच्या खात्याच्या होकाराशिवाय होत नाही? अर्थखात्याच्या. आणि व्ही. पी. सिंगांच्या सरकारात अर्थमंत्री कोण होते?

शंकासुर

दंडवते. हो, माहितीय. 🙂

पण मग म्हणा की जॉर्ज आणि दंडवते दोघांनी केलं. एकाच्या नावावर सातबारा करू नका एवढंच म्हणणं आहे.

भुसावळकर

मान्य. सातबाऱ्यावर तीन नावं लावू. हिस्से ठरवायला तलाठी तुम्ही.

मीनाक्षी_ठाणे

मी इथे फार लिहीत नाही पण रेल्वेचा विषय निघाला म्हणून. आम्ही लहानपणी रेल्वे कॉलनीच्या शेजारच्या चाळीत राहायचो. १९७४ च्या मे महिन्यात देशभर जो रेल्वेचा संप झाला, वीस दिवस चालला, त्यात आमच्या समोरच्या काकांची नोकरी गेली. मी तेव्हा तिसरीत. मला एवढंच आठवतं की काकू आमच्याकडे वाटी घेऊन यायच्या साखरेला आणि आई दोन वाट्या द्यायची आणि कोणी काही बोलायचं नाही. काकांनी त्या तीन वर्षांत छत्र्या दुरुस्त केल्या, शिकवण्या घेतल्या, एका किराणा दुकानात वह्या लिहिल्या.

७७ ला सरकार बदललं आणि संपात काढलेल्यांना परत घ्यायचा निर्णय झाला, दंडवते रेल्वेमंत्री असताना. परत घेतलं एवढंच नाही, मधली जी वर्षं होती ती ब्रेक इन सर्व्हिस धरली नाही. हे आत्ता ऐकायला कागदी वाटतं पण ज्याचं पेन्शन त्यावर अवलंबून आहे त्याला विचारा. काकांनी पहिल्या पगाराला अख्ख्या चाळीला जिलबी वाटली होती, फळीवर गादी बसली की नाही ते आम्हाला माहीत नव्हतं, आम्हाला जिलबी माहीत.

तर @शंकासुर, प्रॅक्टिकल केलं की त्यांनी.

शंकासुर

@मीनाक्षी_ठाणे ताई, यावर काही बोलत नाही. हात जोडले.

ढवळ्या_पवळ्या

जिलबीवरून आठवलं, कर्जतचा वडा आता पूर्वीसारखा राहिला नाही.

गोडा_मसाला

पूर्वीसारखा कधीच नव्हता, पूर्वी आपल्याला भूक लागायची.

खेकडा_रस्सा

कर्जत सोडा हो, रत्नागिरी स्टेशनला उतरून वडापाव घेता घेता माझी मांडवी एक्स्प्रेस सुटली होती, चप्पल एक हातात एक पायात.

प्रशासक

वड्यांचा धागा वेगळा आहे, सात वर्षं जुना आणि अजून जिवंत. तिकडे जा. इथे दंडवते.

खडू_आणि_डस्टर

मूळ दुसरा प्रश्न कोणी घेतलाच नाही म्हणून मी घेतो, माझा धंदाच तो आहे. बावीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात शिकवतोय.

शिक्षक माणूस राजकारणात चांगला असतो हे साफ खोटं आहे. स्टाफरूम बघितलीय का कधी? जेवढं राजकारण तिथे टाइमटेबलवरून होतं तेवढं मंत्रालयात होत नसेल. शनिवारचा शेवटचा तास कोणाला, यावरून दोन माणसं माझ्यासमोर अकरा वर्षं बोललेली नाहीत.

आणि शिक्षक मतदारसंघाबद्दल लोकांचे फार गैरसमज आहेत म्हणून थोडं सांगतो. आपल्या विधान परिषदेत ७८ जागा, त्यातल्या ७ शिक्षकांच्या आणि ७ पदवीधरांच्या. शिक्षकांच्या जागेला मत कोण देतं, तर माध्यमिक किंवा त्यावरच्या शाळा कॉलेजात गेल्या सहा वर्षांत किमान तीन वर्षं शिकवलेला माणूस. म्हणजे प्राथमिकच्या गुरुजींना मतच नाही! ज्यांनी आपल्याला बाराखडी शिकवली ते शिक्षक मतदारसंघात शिक्षक नाहीत. आणि गंमत पुढे आहे. मत द्यायला शिक्षक लागतो, उभं राहायला लागत नाही. उमेदवार शिक्षक असलाच पाहिजे अशी अटच नाही. मुंबईतून कपिल पाटील २००६ पासून तीन टर्म निवडून आले, ते मूळचे पत्रकार. वाईट होते असं मी म्हणत नाही, उलट शिक्षकांचे पगार, विनाअनुदानित शाळा यावर भांडले. पण मग "शिक्षक आमदार" या शब्दाचा अर्थ काय राहिला?

निवडणुकीच्या हंगामात आमच्या संस्थेच्या ऑफिसात काय चालतं ते मी इथे लिहिणार नाही, मला अजून नऊ वर्षं नोकरी करायचीय.

आबोली

@खडू_आणि_डस्टर सर, एक विचारू, पसंतीक्रमाचं मत असतं ना तिथे? १, २, ३ असं लिहायचं?

खडू_आणि_डस्टर

हो. आणि जन्मभर पोरांचे पेपर तपासलेली माणसं तिथे आकड्याऐवजी बरोबरची खूण करतात आणि मत बाद करून घेतात. दर निवडणुकीला. सवय हो, काय करणार.

आबोली

😂😂

पुणेरी_पाटी_२

सर, तुमचं म्हणणं आजच्या काळाला धरून असेल पण जुनी यादी बघा ना. ग. प्र. प्रधान, फर्ग्युसनमधे इंग्रजी शिकवायचे, पुणे पदवीधरमधून १८ वर्षं परिषदेत, विरोधी पक्षनेतेही झाले. एन. डी. पाटील, साताऱ्याच्या शिवाजी कॉलेजात शिकवलं, कमवा आणि शिकाचे रेक्टर होते, तेही परिषदेत १८ वर्षं, ७८ ला सहकारमंत्री, मग ८५ ला कोल्हापूरचे आमदार. बी. टी. देशमुख, अमरावती पदवीधर, प्राध्यापकांच्या नुटा संघटनेचे नेते, ३० वर्षं, आणि विदर्भाच्या अनुशेषाचा विषय त्यांच्याइतका कोणी आकड्यांसकट मांडला नसेल. ही सगळी माणसं आकडेवारी घेऊन उभी राहायची. तयारी करून तासाला जायची सवय असलेला माणूस तयारी न करता सभागृहात जाऊच शकत नाही, त्याला लाज वाटते.

कागल_एक्स्प्रेस

एन. डी. सरांबद्दल एक भर. आमच्या कोल्हापूरकरांना ते आमदार म्हणून कमी आणि टोलविरोधी आंदोलनातले म्हणून जास्त आठवतात. वयाची ऐंशी ओलांडलेली, तब्येत नाजूक, तरी मोर्चात पुढे. रयत शिक्षण संस्थेचे अध्यक्षही होते पण गाडी घोडे काही नाही. शरद पवारांचे मेहुणे असून पक्ष आयुष्यभर शेकाप. सणासुदीला जेवणाच्या ताटावर काय बोलणं होत असेल कल्पना करवत नाही.

शंकासुर

परत मीच. @पुणेरी_पाटी_२, तुमच्या यादीतले बहुतेक परिषदेतले आहेत. पदवीधर मतदारसंघ म्हणजे मतदार शिकलेला, सभा हॉलमधे, चहा बिस्किट. तिथे आकडेवारी चालते. दंडवतेंची गोष्ट वेगळी होती कारण ते थेट लोकांतून, राजापूरसारख्या भागातून निवडून यायचे. तिथे आकडेवारीने काय होतं?

भुसावळकर

अहो पण दंडवतेसुद्धा आधी परिषदेतच होते. १९७० ला विधान परिषदेवर गेले आणि वर्षभरात लोकसभेला उभे राहिले. कॉलेज पण तेव्हाच सुटलं.

शंकासुर

आज माझा दिवस नाही.

फोर्टचा_वाचक

कॉलेज कुठलं ते कोणीच लिहिलं नाही आणि मला वाटतं तेच महत्त्वाचं आहे. सिद्धार्थ कॉलेज, फोर्ट. बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत १९४६ ला काढलेलं. कॉलेज सकाळचं, कारण पोरं दिवसा नोकरी करणारी. कोणी गोदीत, कोणी पोस्टात, कोणी ऑफिसात शिपाई. दंडवते तिथे सुरुवातीच्या काळापासून फिजिक्स शिकवायचे, विभागप्रमुख झाले, उपप्राचार्य झाले.

आता ज्याने पंचवीस वर्षं सकाळी सातला, रात्रपाळी करून आलेल्या पोराला न्यूटन शिकवलाय, त्याला समोरचा दमलेला आहे हे गृहीत धरूनच बोलायची सवय लागते. सोपं बोलायचं पण हलकं नाही बोलायचं. माझं म्हणणं असं की शिक्षक म्हणून त्यांना जे काही मिळालं ते "शिक्षक" या पदामुळे नाही, त्या वर्गात कोण बसलं होतं त्यामुळे. दुसऱ्या एखाद्या गुळगुळीत कॉलेजात असते तर लाकडी फळीचा विचार आला असता का? मला शंका आहे.

आणि योगायोग बघा, वर्षा गायकवाडही सिद्धार्थमधेच गणित शिकवायच्या. मग २००४ पासून धारावीच्या आमदार, २०१९ ते २२ शालेय शिक्षणमंत्री, कोविडमधली दहावीची परीक्षा रद्द करायची वेळ त्यांच्यावर आली, आणि २०२४ ला खासदार. त्यांच्या घरात राजकारण आधीपासून होतं हे खरं, वडील एकनाथ गायकवाड खासदार होते. पण कॉलेज तेच.

खडू_आणि_डस्टर

@फोर्टचा_वाचक हे पटलं. शनिवारच्या शेवटच्या तासाची माणसं मी मागे घेत नाही, पण हे पटलं. मी स्वतः सुरुवातीची चार वर्षं रात्रशाळेत शिकवलंय. तिथे फळ्याकडे तोंड करून जास्त वेळ उभं राहिलं की मागे घोरायचा आवाज येतो. त्या चार वर्षांत जे शिकलो ते बीएडला शिकलो नव्हतो.

पेढी_नंबर_७

माझ्या अंगणातला मुद्दा राहिला. आमचं घर सोनाराचं. सुवर्ण नियंत्रण म्हटलं की आमच्या आजोबांच्या चेहऱ्याचा रंग जायचा. ६३ च्या जानेवारीत मोरारजींनी आणलेला नियम, १४ कॅरेटच्या वरचा दागिना घडवायचा नाही. १४ कॅरेटचं मंगळसूत्र कोण घेणार? किती सोनारांनी तेव्हा हत्यारं विकली आणि दुसरी कामं धरली. पुढे कॅरेटची अट गेली पण ६८ ला कायदा झाला, लायसन, रजिस्टर, कोण किती सोनं बाळगणार त्याचा हिशोब. तो कायदा रद्द झाला १९९० ला, अर्थमंत्री दंडवते.

मजा ही की ७७ ला जे मोरारजी त्यांचे पंतप्रधान होते त्यांचंच हे लेकरू, आणि ते पुरलं त्यांच्याच जुन्या मंत्र्याने. समाजवादी माणसाने सोन्यावरचं नियंत्रण उठवलं हे मला अजून गंमतीचं वाटतं. आमच्याकडे गादीबिदी कोणाला माहीत नाही, "दंडवतेंनी सोडवलं" एवढंच माहीत.

गोडा_मसाला

आणि त्याच बजेटमधे शेतकऱ्यांचं दहा हजारांपर्यंतचं कर्ज माफ. त्यावरून बँकवाले आमचे काका अजून चिडतात, म्हणतात तिथून सवय लागली. शेती करणारे दुसरे काका म्हणतात दहा हजारांत काय होत होतं, व्याज पण गेलं नाही. दिवाळीला दोघांना शेजारी बसवत नाही आम्ही.

तुतारीतला_प्रवासी

वा, केवढं लिहिलंत सगळ्यांनी. एक राहिलं. ९१ ला हरले कसे मग? एवढं सगळं करून, कोकण रेल्वे मंजूर करून, वर्षभरात पडले?

मालवणी_खाजा

माका इचारतास तर सांगतंय.

काँग्रेसचे सुधीर सावंत निवडून आले. लोक म्हणतात कोकणी माणूस कृतघ्न. मला ते पटत नाही. एक तर वीस वर्षं झाली होती. २० वर्षांत आम्ही आंब्याचं झाड पण बदलतो. दुसरं, मधल्या काळात कोकणात शिवसेना आली होती, ९० ला नारायण राणे मालवणातून आमदार झाले, वाडीवाडीत पोरं भगवी झाली. समाजवाद्यांचे जे जुने कार्यकर्ते होते, धोतर आणि पिशवीवाले, सेवादलात गाणी म्हणणारे, ते म्हातारे झाले होते आणि त्यांच्या घरातली पोरं शाखेत जात होती. आणि तिसरं, रेल्वे तेव्हा कागदावर होती. आमच्याकडे कागदावरचं काही मोजत नाहीत. जमीन मात्र जात होती, मोजणीवाले दारात येत होते. ज्याच्या कलमांतून रूळ गेला त्याला ७४१ किलोमीटर दिसत नाहीत, आपली चार कलमं दिसतात.

माझ्या बापसान ९१ मधे दंडवत्यांकाच मत दिलान. आयेन नाय. दोघां एकाच गाडयेन मुंबैक जातत.

शंकासुर

हे पोस्ट कोणीतरी जपून ठेवा.

पुणेरी_पाटी_२

शिवाय ९१ ला मंडल, मंदिर आणि राजीव गांधींची हत्या, देशातलीच हवा वेगळी होती. एका मतदारसंघाच्या हिशोबात सगळं बसत नाही.

मीनाक्षी_ठाणे

मला एक खटकतंय. एवढा मोठा धागा झाला आणि प्रमिलाताईंचं नाव कोणी घेतलं नाही. प्रमिला दंडवते. महागाईच्या विरोधात मृणालताई गोरे, अहिल्याबाई रांगणेकर यांच्याबरोबर लाटणं घेऊन रस्त्यावर उतरलेल्या. आणीबाणीत मधु दंडवते बंगळूरच्या तुरुंगात (संसदीय समितीच्या कामाला गेले होते, तिथेच पकडले, वाजपेयी अडवाणींबरोबर) आणि या येरवड्यात. दीड वर्ष. नवरा बायको दोन राज्यांच्या दोन तुरुंगांतून एकमेकांना पत्रं लिहीत होते, आणि ती सेन्सॉर वाचणार हे माहीत असताना लिहीत होते. आपण व्हॉट्सॅपवर दोन निळ्या टिका दिसल्या नाहीत तर भांडतो.

आणि ८० ला त्या स्वतः मुंबई उत्तर मध्यमधून निवडून आल्या, म्हणजे ती पाच वर्षं नवरा बायको दोघंही एकाच लोकसभेत. महिलांच्या आरक्षणासाठी त्या शेवटपर्यंत भांडल्या. पण धाग्याचं नाव काय, तर गादी कोणी लावली.

आबोली

अगदी अगदी.

फोर्टचा_वाचक

बरोबर कान पकडलात. धाग्याच्या नावात बदल करता येतो का प्रशासक?

प्रशासक

धागाकर्त्याने सांगितलं तर करतो.

खेकडा_रस्सा

सावंतवाडी टर्मिनसला दंडवतेंचं नाव द्या म्हणून मागणी आहे ना? नाव द्या, नक्की द्या, पण आधी टर्मिनस पूर्ण करा. पायाभरणी होऊन किती वर्षं झाली, आम्ही अजून गणपतीत कणकवली स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याशी घासाघीस करतोय. २००९ ला मतदारसंघाचं राजापूर हे नाव पण गेलं, रत्नागिरी सिंधुदुर्ग झाला. निदान स्टेशनावर तरी नाव राहू दे.

ढवळ्या_पवळ्या

राजापूरचे सुरेश प्रभू पण पुढे रेल्वेमंत्री झाले. एका मतदारसंघाचे दोन माजी खासदार रेल्वेमंत्री आणि तरी गणपतीचं रिझर्व्हेशन दोन मिनिटांत फुल्ल. हे कुठल्या फिजिक्सने होतं ते मास्तरच सांगू शकले असते.

भुसावळकर

@ढवळ्या_पवळ्या रिझर्व्हेशन कॉम्प्युटरवर आणायच्या हालचाली पण दंडवतेंच्या काळातल्या, प्रत्यक्ष दिल्लीत सुरू झालं ८५-८६ च्या सुमारास. म्हणजे दोन मिनिटांत फुल्ल होतं त्यात पण त्यांचा थोडा हात आहे, तलाठ्याला कळवा.

तुतारीतला_प्रवासी

काल रात्री बाबांना हा अख्खा धागा वाचून दाखवला. चष्मा काढून डोळे मिटून ऐकत होते, मला वाटलं झोपले. मालवणी खाजा यांच्या पोस्टला हसले. संपाच्या पोस्टला काही बोलले नाहीत.

मग मी विचारलं, तुम्ही राजापूरला किती वेळा मत दिलंत मास्तरांना? तर म्हणाले, एकदाही नाही. मी चकित. म्हणाले, अरे मी चाकरमानी, माझं नाव दादरच्या यादीत. गावाला मत कसं देणार? मी आईला, काकाला पोस्टकार्ड टाकायचो, कोणाला द्यायचं ते लिहून. ते काय करायचे देव जाणे.

मग थोडं थांबून म्हणाले, ऐंशीला बाईंना दिलं होतं मत. इकडे उभ्या होत्या त्या.

प्रशासक, धाग्याच्या नावात प्रमिलाताईंचं नाव घालता आलं तर घाला. आणि कोणाकडे चतुर्थीनंतरचं परतीचं कन्फर्म तिकीट रद्द होणार असेल तर सांगा, आमचं वेटिंग ११४ आहे, बाबा एसी नको म्हणतात.